अख्ख्या दाण्याचा ब्रेड : घरच्या दळणाच्या प्रकल्प नोंदी

११ जानेवारी

प्रकल्पाची अट आजच लिहून ठेवते, म्हणजे पुढे सोयीप्रमाणे बदलता येणार नाही. घरघंटीत ५०० ग्रॅम गहू घालायचा आणि ते सगळे ५०० ग्रॅम ब्रेडमध्ये गेले पाहिजेत. कोंडा टाकून द्यायचा नाही, विकतचा मैदा मिसळायचा नाही, वरून ग्लुटेनची (गव्हातल्या चिवट प्रथिनाची) पूड घालायची नाही आणि साच्याच्या भिंतींचा आधारही घ्यायचा नाही. एवढं पाळून ब्रेड हलका, जाळीदार आणि सुरीने पातळ कापता येईल असा व्हायला हवा.

गव्हाच्या दाण्यात वजनाने साधारण ८३ टक्के पिठूळ गाभा, १४ टक्के कोंडा आणि अडीच टक्के अंकुर असतो. १८७० च्या दशकात पोलादी रोलरच्या गिरण्या पसरल्या आणि हे तीन भाग स्वच्छ वेगळे करणं सोपं झालं. अंकुरातल्या तेलामुळे पीठ खवट होतं. तो काढला की पीठ महिनोन् महिने टिकतं, लांब पाठवता येतं. गिरणीच्या दृष्टीने हिशेब बरोबरच होता. पण तंतू, ब जीवनसत्त्वं, लोह, जस्त आणि गव्हाची खरी चव हे सगळं मुख्यतः त्या वेगळ्या काढलेल्या भागांत असतं. घरी दळलं की ते सगळं परत हाती येतं, आणि त्यासोबत गच्च, न फुगलेल्या ब्रेडचा प्रश्नही येतो. हा प्रकल्प त्या प्रश्नासाठी आहे.

१२ जानेवारी

कठीण जातीचा गहू घेतला आहे, प्रथिनं १३ टक्क्यांच्या आसपास. ब्रेडसाठी प्रथिनांचा आकडा महत्त्वाचा असतो, पण दाण्याचा कठीणपणाही तेवढाच बघावा लागतो. दाताखाली दाणा धरून फोडला तर कठीण गहू कट्टकन तुटतो आणि आत काचेसारखी चमक दिसते. मऊ गहू दबतो, आत पांढरा खडूसर असतो. कठीण गव्हाचं पीठ बोटांत रवाळ लागतं आणि चाळणीतून झरझर पडतं, मऊ गव्हाचं पीठ गोळ्या धरतं. शिवाय कठीण दाणा दळताना स्टार्चचे कण जास्त फुटतात. असे फुटलेले कण पाणी अधिक पितात आणि विकरांना (एन्झाइमना) लवकर सापडतात, म्हणजे यीस्टला खायला साखर मिळत राहते.

गहू ताटात पसरून निवडला. एक बारका खडाही दगडांची धार बिघडवू शकतो, त्यामुळे या कामात घाई नको. धुतला मात्र नाही. ओला दाणा दगडांवर लेप धरतो आणि मग दगड दळण्याऐवजी नुसते घासत राहतात.

१८ जानेवारी

दगडी घरघंटीची ओळख करून घेण्यातच दिवस गेला, आणि तो सत्कारणी लागला. दोन दगडांमधलं अंतर कमी करत आणलं की एका जागी दगड एकमेकांना निसटते शिवतात आणि बारीक टिकटिक ऐकू येते. तिथून किंचित मागे, टिकटिक थांबेल तिथे, हा सर्वांत बारीक दळणाचा बिंदू. चक्की चालू असतानाच तो शोधायचा आणि दाणे त्यानंतर घालायचे. आधी दाणे भरून मग दगड आवळले की चक्की अडकते.

बारीक दळण एका दमात काढलं तेव्हा पीठ ४६ अंश सेल्सिअस होतं. खोलीत २३ अंश. नुसता हात लावला तरी पीठ गरम लागत होतं. दुसऱ्या वेळी आधी भरड काढली, ती पसरून थोडी निवू दिली आणि मग बारीक दळली, तर पीठ ३८ अंशांवर राहिलं. हाताच्या जात्यावर मूठमूठ घास घालत दळलं तर पीठ जवळजवळ गार राहतं, पण ब्रेडला हवं तितकं बारीक काढायला तेच दळण पुन्हा जात्यात घालावं लागतं आणि खांदे भरून येतात. जातं मी भरडीसाठी ठेवणार, बारीक पिठाला घरघंटी.

१९ जानेवारी

पाया म्हणून पहिला साधा ब्रेड. पुढचे सगळे याच्याशी ताडून पाहायचे. बेकरीच्या हिशेबात पीठ नेहमी १०० टक्के धरतात आणि बाकी सगळं त्याच्या प्रमाणात मोजतात, तसंच इथे लिहीन. पीठ ५०० ग्रॅम, पाणी ३७५ (७५ टक्के), मीठ १० (२ टक्के), कोरडं यीस्ट ३ ग्रॅम. सगळं एकदम मिसळून दहा मिनिटं तिंबलं.

वास अप्रतिम. उंची साडेसहा सेंटीमीटर, आतली जाळी बारीक आणि बंद, तळाशी एक दाट पट्टा. कापताना सुरीला भुगा लागतो. चव मात्र अशी की विकतच्या पिठाकडे परत वळायची इच्छाच होऊ नये. काम करायचं आहे ते पोतावर.

२५ जानेवारी

पाणी. ताज्या अख्ख्या पिठाला ७५ टक्के पाणी कमीच पडतं, पण ते लगेच कळत नाही. मिसळल्यावर गोळा सैल वाटतो, अर्ध्या तासाने तोच घट्ट झालेला असतो. याचं कारण कोंडा. तो पाणी पुष्कळ पितो, पण सावकाश. मळून लगेच फुगायला ठेवलं तर कोंडा पुढे दोन तास ग्लुटेनच्या वाट्याचं पाणी ओढत बसतो आणि ताणलेलं ग्लुटेन कोरडं पडून तुटतं.

म्हणून आज आधी फक्त पीठ आणि पाणी मिसळून ठेवलं, मीठ आणि यीस्ट नंतर. फ्रान्सचे ब्रेडतज्ज्ञ रेमों काल्व्हेल यांनी १९७४ मध्ये या विश्रांतीला ऑटोलीज हे नाव दिलं. त्यांचा रोख मळण्याचा वेळ कमी करण्यावर होता, कारण यंत्रात फार वेळ मळल्याने पीठ हवा खाऊन पांढरं आणि बेचव होतं. अख्ख्या पिठात याचा उपयोग वेगळ्याच कारणाने होतो: कोंड्याला प्यायला वेळ मिळतो. चाळीस मिनिटं पुरेशी वाटतात. दोन तास ठेवलेला गोळा चिकट आणि ढिला झाला. ताज्या पिठात विकरांची लगबग जास्त असते, त्यामुळे फार लांबवण्यात अर्थ नाही.

पाणी ८५ टक्क्यांवर नेलं. उंची साडेसात. तळाचा दाट पट्टा गेला.

२६ जानेवारी

आजचा प्रयोग सगळ्यांनी एकदा करून बघावा असा आहे.

कणकेचा गोळा पाण्यात धुवायचा. स्टार्च वाहून जातो आणि हातात ग्लुटेन उरतं. बोलोन्यामध्ये याकोपो बेक्कारी या वैद्याने १७२८ मध्ये पिठातून अशा रीतीने ग्लुटेन वेगळं करून त्याबद्दल व्याख्यान दिलं. ते छापून यायला १७४५ उजाडलं. मी दोन गोळे घेतले, दोन्ही ५० ग्रॅम पिठाचे. एक अख्ख्या पिठाचा आणि एक त्याच दळणातल्या बारीक चाळणीतून काढलेल्या पिठाचा. अर्धा तास भिजवून वाडग्यातल्या गार पाण्यात हळूहळू चोळत गेले.

चाळलेल्या पिठाच्या गोळ्यातून दुधाळ पाणी निघत राहिलं आणि शेवटी करड्या पिवळसर रंगाचा, चिवट, १६ ग्रॅमचा गोळा हातात आला. तो चिमटीत धरून ओढला तर लांबतो, सोडला तर मागे येतो. लांबण्याचा गुण ग्लायाडिन या प्रथिनाचा, मागे खेचण्याचा ग्लुटेनिनचा. खिडकीसमोर ताणून धरला तर पलीकडचा उजेड एकसारखा दिसतो, इतका पातळ पडदा होतो.

अख्ख्या पिठाचा गोळा धुताना तुकडेच हातात येऊ लागले. ते गोळा करून दाबले, ताणले, आणि उजेडासमोर धरले. पडद्यात जागोजागी कोंड्याचे कपटे अडकलेले दिसले, आणि प्रत्येक कपट्याच्या कडेला बारीक फट. ताण वाढवला की फाटायला सुरुवात तिथूनच होते. एकही फाट मला मोकळ्या ग्लुटेनमधून सुरू झालेली दिसली नाही.

ब्रेड फुगतो तो या पडद्याच्या असंख्य बारक्या फुग्यांमध्ये वायू कोंडला जातो म्हणून. प्रत्येक कपट्याशी एक गळती असेल तर यीस्ट कितीही वाढवलं तरी उपयोग नाही. यीस्टचं माप आजपासून विषयातून बाद.

१ फेब्रुवारी

म्हणजे कोंडा ग्लुटेन तयार होत असताना आड यायला नको, पण शेवटी ब्रेडमध्ये यायला हवा. चाळायचा, बाजूला ठेवायचा आणि नंतर परत आणायचा. प्रकल्पाच्या अटीत चाळायला बंदी नव्हतीच, टाकून द्यायला होती.

जॉर्डनच्या ईशान्येला शुबायका इथे सुमारे १४,४०० वर्षांपूर्वीच्या चुलींमध्ये ब्रेडचे जळके कण सापडले, ते संशोधन २०१८ मध्ये प्रसिद्ध झालं. शेती सुरू होण्याच्या हजारो वर्षं आधीचा काळ. रानटी धान्य दळून, चाळून, मळून तो भाजला होता, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. चाळण्याची पायरी इतकी जुनी आहे हे वाचून फार बरं वाटलं.

४० मेशची चाळणी घेतली, म्हणजे साधारण ०.४ मिलिमीटरची भोकं. पहिल्याच चाळणीत दिसलं की एकदम बारीक दळलेल्या पिठातला कोंडाही चुरला जातो, आणि अर्धाअधिक चाळणीतून खाली जातो. ५०० ग्रॅममधून वर फक्त ४० ग्रॅम उरला. बारकी धारदार कणी सगळी पिठात.

कोंडा मोठ्या पापुद्र्यांत निघायला हवा. मोठ्या गिरण्या त्यासाठी गव्हाला दळण्याआधी पाणी दाखवतात. साल ओल धरून चिवट होते, तुटत नाही, सोलल्यागत निघते. गाभा मात्र भुसभुशीत होतो. उद्या हेच.

२ फेब्रुवारी

आधी गव्हातली ओल मोजली. थोडा गहू भरडून १०० ग्रॅम ताटलीत पसरला आणि ओव्हनमध्ये १३० अंशांवर वजन घटायचं थांबेपर्यंत ठेवला. ८८ ग्रॅम उरला, म्हणजे ओल १२ टक्के. साठवणीला ही चांगली, पण साल ठिसूळ ठेवणारी.

ती १५ टक्क्यांवर न्यायची. हिशेब असा: ५०० ग्रॅम गुणिले वाढवायची ओल ३, भागिले १०० वजा १५, म्हणजे ८५. उत्तर १७.६, धरा १८ ग्रॅम पाणी. चार चमच्यांपेक्षाही कमी. बरणीत गव्हावर शिंपडून झाकण लावलं आणि दाणे कोरडे दिसेपर्यंत हलवत राहिले. रात्रभर तसाच ठेवायचा. दगडी चक्कीसाठी १५ च्या वर जायला मी धजावणार नाही, लेप धरायची भीती तिथूनच सुरू होते.

३ फेब्रुवारी

फरक ऐकूनच कळला. चक्कीचा आवाज बसका झाला. दगड परवा होते त्यापेक्षा किंचित सैल ठेवले. चाळणीत वर राहिला तो ८० ग्रॅम कोंडा: रुंद, पातळ, तांबूस पापुद्रे, हातात मऊ. आतल्या बाजूला पांढरी भुकटी चिकटलेली, आणि मध्ये मध्ये अंकुराचे चपटे पिवळे ठिपके. तेलामुळे अंकुर दगडाखाली चेपतो, चुरत नाही, त्यामुळे त्यातला बराच कोंड्याबरोबर वर राहतो. खालचं ४२० ग्रॅम पीठ फिकट बदामी.

या अंकुराची एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. त्यात ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ असतो आणि तो ग्लुटेनचे दुवे सोडवून कणीक ढिली करतो. कोंड्यासोबत अंकुरही वेगळा निघाला हे म्हणूनच दुप्पट सोयीचं.

८ फेब्रुवारी

८० ग्रॅम कोंड्यावर १२० ग्रॅम उकळतं पाणी ओतून झाकून ठेवला. गार झाल्यावर मुठीत दाबला तर गोळा होतो, पाणी गळत नाही. कडा मऊ पडलेल्या. पीठ वेगळं भिजवलं, तिंबलं, खिडकीसमोर ताणून पडदा येतो का ते पाहिलं. स्वच्छ पडदा. मग कणीक ओल्या ओट्यावर हाताने आयताकृती पसरली, तिच्यावर भिजलेला कोंडा पातळ पसरला, घडी घातली, पुन्हा पसरली, पुन्हा घडी. कोंडा थरांच्या मध्ये जातो, पडदा फाडत नाही. पुढच्या दोन-तीन घड्यांत तो सगळीकडे सारखा होतो.

उंची साडेनऊ सेंटीमीटर. धान्य तेच, पाणी तेच, मीठ आणि यीस्ट तेच, कणकेबाहेर काहीही गेलेलं नाही. जाळी मोकळी आहे, मधून मधून मटाराएवढी भोकं आहेत आणि काप वाकवला तरी मोडत नाही. फार आनंद झाला.

१४ फेब्रुवारी

चक्कीतून गरम निघालेलं पीठ लगेच वापरायचं तर पाणी गार लागतं. कणकेला २६ अंश हवेत. २६ गुणिले ३ म्हणजे ७८. त्यातून पिठाचे ३८, खोलीचे २४ आणि हाताने मळण्याच्या उष्णतेचे २ वजा. पाणी १४ अंशांचं. दर वेळी हे गणित करायचं, अंदाजावर सोडायचं नाही.

२१ फेब्रुवारी

उकळत्या पाण्याबद्दल मन साशंक आहे. कोंड्यात फायटिक आम्ल असतं. ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, मग शरीराला ते नीट मिळत नाहीत. गव्हाच्या दाण्यातच फायटेज हे विकर असतं आणि ते हे आम्ल फोडतं, पण त्याला ओल, वेळ आणि थोडा आंबटपणा लागतो. उकळतं पाणी ओतलं की ते विकर निकामी होतं. लोह-जस्तासाठी कोंडा ठेवायचा आणि त्यांची किल्लीच जाळून टाकायची, हे मला पटत नाही.

मग कोंडा आंबवून पाहू. घरात सावरडोचं आंबवण, म्हणजे पीठ-पाणी आपोआप आंबवून केलेलं विरजण, आहेच, तेही याच पिठावर पोसलेलं. त्यातल्या लॅक्टोबॅसिलस कुळातल्या जिवाणूंची संख्या यीस्टच्या साधारण शंभरपट असते. आंबटपणा त्यांचा, फुगवण्याचं काम मुख्यतः यीस्टचं. ८० ग्रॅम कोंडा, १२० ग्रॅम कोमट पाणी, एक चमचा आंबवण. रात्रभर २४ अंशांवर.

२२ फेब्रुवारी

सकाळी झाकण काढलं तर सफरचंदाच्या सालीचा आणि ताकाचा मिळून वास. कागदी पट्टीवर पीएच ४ च्या जवळ. कोंडा उकळत्या पाण्याने झाला होता तितकाच मऊ. ब्रेडची उंची नऊ सेंटीमीटर, म्हणजे अर्ध्या सेंटीमीटरने कमी, पण चवीत दोहोंची तुलनाच नको. उकळत्या पाण्याचा ब्रेड गोडसर आणि सपाट, आंबवलेल्या कोंड्याचा खमंग, तोंडात रेंगाळणारा. कोंड्याचा तो कडवट चरचरीत शेवट गेला. निर्णय झाला: कोंडा आंबवायचा. अर्ध्या सेंटीमीटरसाठी मी हे सोडणार नाही.

आजपासून यीस्टही बंद. फुगवण्याचं कामही आंबवणाकडे.

१ मार्च

फुगण्याची वेळ. एकाच कणकेचे दोन भाग केले. एक ५० टक्के वाढल्यावर आकार देऊन टोपलीत ठेवला, दुसरा दुप्पट होऊ दिला. पहिला ओव्हनमध्ये उसळला आणि चीर दिली होती तिथून छान उघडला. दुसरा पसरला, कवच फिकट राहिलं. ताजं अख्खं पीठ लवकर आंबतं. खनिजं आणि विकरं भरपूर असल्याने आंबवणातले जीव जोमात असतात. मैद्याच्या कृतींमध्ये ‘दुप्पट होईपर्यंत’ असं लिहिलेलं असतं ते इथे लागू पडत नाही. मी सरळ उभ्या भिंतींच्या बरणीत कणकेचा लहान तुकडा बाजूला ठेवते आणि बरणीवर रेघ मारते. अर्ध्याने चढला की उठायचं.

८ मार्च

पीठ दळून किती दिवस ठेवावं? आजचं पीठ आणि तीन आठवडे फडताळात ठेवलेलं पीठ, दोन्हींचा ब्रेड. जुन्या पिठाची कणीक तिंबायला किंचित घट्ट आणि वागायला सोपी. हवेतला ऑक्सिजन ग्लुटेनचे दुवे मजबूत करतो, मैदा मुरवण्याचं कारण तेच. पण कोंडा-अंकुरासकट पीठ ठेवलं की दुसरीकडे लायपेज विकर अंकुराचं तेल फोडत असतं आणि पुढे ते खवटतं. वास घेतला तर ताज्या पिठाला हिरव्या गवताचा आणि दाण्याचा वास, जुन्याला पुठ्ठ्याचा. ब्रेडमध्ये तो जिभेच्या मागे जाणवतो. मळायच्या त्याच दिवशी, फार तर आदल्या संध्याकाळी दळायचं. उरलंच तर हवाबंद डब्यात फ्रीझरला.

१४ मार्च

नव्या पोत्यातला गहू. दिसायला चांगला, प्रथिनंही तेवढीच. ब्रेड मात्र आतून ओला, चिकट, सुरीला राळ लागावी तसा लागतो आहे. भाजणी पूर्ण होती, मध्यभागी ९८ अंश मोजले होते.

दाणे भिंगाखाली पाहिले. काहींच्या टोकाला साल फाटून अंकुर वळवळल्याची खूण आहे. कापणीआधी शेतात पाऊस लागला की दाणा कणसातच रुजायला लागतो आणि अमायलेज विकराचं प्रमाण फार वाढतं. ते भाजताना स्टार्चचं पाणी करून टाकतं. गिरण्या यासाठी हागबर्ग चाचणी घेतात: पीठ-पाण्याची गरम खळ करून तिच्यातून दांडा खाली जायला किती सेकंद लागतात ते मोजतात. चांगल्या ब्रेडच्या गव्हाला साधारण २५० च्या वर, खूप रुजलेल्या गव्हाची खळ इतकी पातळ की दांडा जवळपास थांबतच नाही. घरी मी दोन्ही पोत्यांच्या पिठाची सारख्या मापाची खळ मंद आचेवर केली. जुन्या गव्हाची चमच्यावर उभी राहिली, नव्याची ओघळून गेली.

पोतं टाकायचं नाही. आंबटपणात अमायलेज मंदावतं. राय धान्याचा ब्रेड शतकानुशतकं आंबवूनच करतात त्यामागे हे एक मोठं कारण आहे. कोंड्यासोबत एक तृतीयांश पीठही रात्रभर आंबवून पाहते.

१६ मार्च

जमलं. चिकटपणा बराच गेला. अगदी जुन्या गव्हासारखा नाही, पण दुसऱ्या दिवशी नीट कापता येतो. हे पोतं अर्धं-अर्धं चांगल्या गव्हात मिसळून संपवणार.

२२ मार्च

इतर धान्यं, थोडक्यात. खपलीचं ग्लुटेन लांबतं पण मागे येत नाही, टोपलीतून काढताच पसरतो, साचा हवाच. चव मात्र गोड आणि दाट. स्पेल्ट, म्हणजे गव्हाचा एक जुना प्रकार, या दोहोंच्या मध्ये कुठेतरी, तिंबणं निम्म्यावर आणावं. बन्सीचा रंग सुरेख, जाळी बारीक. रायमध्ये तिंबण्याचा संबंधच नाही; तिथे आकार धरतात ते पेंटोसान (पाणी धरणारे चिकट तंतू), ग्लुटेन नव्हे. राय हा स्वतंत्र प्रकल्प आहे, यात कोंबणार नाही.

२९ मार्च

भाजणी. बिडाचं झाकणाचं भांडं ओव्हनमध्ये २४० अंशांवर चांगलं तापवून त्यात कणीक सोडते. झाकणाखाली कणकेची स्वतःचीच वाफ कोंडते आणि वरची त्वचा पहिली वीस मिनिटं ओली, ताणली जाणारी राहते. तेवढ्यात आतलं यीस्ट ५५-६० अंशांपर्यंत शेवटचा जोर करून मरतं, वायू प्रसरण पावतो, आणि त्याच सुमारास स्टार्च फुगून घट्ट होऊ लागतो. त्यानंतर झाकण काढून २२० अंशांवर पंचवीस मिनिटं. रंग आणि खमंगपणा इथे येतो, प्रथिनं आणि साखर यांच्या त्या प्रक्रियेतून जिचं वर्णन लुई कामीय मायार याने १९१२ मध्ये केलं. अख्ख्या पिठाला मी गडद रंग येऊ देते. फिकट काढला तर कवच तासाभरात मऊ पडतं, कारण आतली ओल जास्त असते आणि ती बाहेर येत राहते.

कापायला किमान चार तास थांबायचं. गरम असताना आतला स्टार्च बसलेला नसतो.

ठेवणीबद्दल: फ्रिजमध्ये नको. स्टार्च पुन्हा स्फटिकरूप धरतो म्हणून ब्रेड शिळा होतो आणि फ्रिजच्या तापमानाला ते सर्वांत वेगाने होतं. काप करून फ्रीझरला, आणि थेट टोस्टरमध्ये. आंबवलेल्या कोंड्याचा ब्रेड सुती कापडात बाहेरच चार दिवस चांगला राहतो आहे.

५ एप्रिल

सध्या चालू असलेली कृती इथे एकत्र, म्हणजे कोणालाही थेट करता येईल.

आदल्या सकाळी ५०० ग्रॅम कठीण गव्हाला १८ ग्रॅम पाणी दाखवून बरणी बंद. संध्याकाळी आधी भरड, मग बारीक दळण, ४० मेशने चाळणी. साधारण ४२० ग्रॅम पीठ, ८० ग्रॅम कोंडा; शिंपडलेलं पाणी बहुतेक दळताना उडून जातं. कोंडा १२० ग्रॅम पाण्यात एक चमचा आंबवण घालून रात्रभर. वेगळ्या वाडग्यात ६० ग्रॅम पीठ, ६० पाणी, १२ ग्रॅम आंबवण, हेही रात्रभर. उरलेलं ३६० ग्रॅम पीठ झाकून.

सकाळी त्या ३६० ग्रॅममध्ये २४५ ग्रॅम पाणी, चाळीस मिनिटं विश्रांती. वाडग्यातलं आंबवण मिसळायचं, वीस मिनिटांनी १० ग्रॅम मीठ, आणि पडदा येईपर्यंत तिंबायचं, मला आठेक मिनिटं लागतात. अर्ध्या तासाने पसरून कोंडा थरांत. पुढे दर अर्ध्या तासाने एक घडी, तीन वेळा. २६ अंशांवर अर्ध्याने चढला की आकार, पीठ भुरभुरलेल्या वेताच्या टोपलीत, टोपली फ्रिजमध्ये रात्रभर. गार कणकेला चीर स्वच्छ बसते. पाव सेंटीमीटर खोल, एकच लांब, पातं आडवं धरून. भाजणी २९ मार्चच्या नोंदीप्रमाणे.

एकूण पाणी ४२५ ग्रॅम, म्हणजे ८५ टक्के. प्रथिनं १२ च्या खाली असलेल्या गव्हाला ८० पासून सुरुवात करावी.

१२ एप्रिल

दगडांना किंचित चकाकी आली होती. मूठभर कोरडा तांदूळ भरड अंतरावर दळून काढला, दगड स्वच्छ झाले. पाणी लावायचं नाही. जात्याची टाकी (दगडावरच्या खाचा) मात्र बुजत आली आहे, टाकी लावून घ्यायला हवी. भरड समान पडली तर दुसऱ्या दळणात कोंडा आणखी कमी चुरतो, असा अंदाज आहे. पुढच्या दळणाला चाळणीवरचा कोंडा तोलून पाहायचा: ८० च्या वर गेला तर त्याचं पाणी दीडपट याच प्रमाणात वाढवायचं आणि पिठाच्या पाण्यातून तेवढंच काढायचं.